फरशीवरचा सडा

द्वारकाबाईच्या थोरल्या लेकीची, कमलची सुपारी फुटली ते त्र्याहत्तर साल. दुष्काळ सरत आला होता, पण पुरता सरला नव्हता. सुपारीला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, तांबड्या मिलोच्या भाकरी पडल्या होत्या. त्या भाकरी चावतानाही नवरदेवाचा बाप खुशीत होता, कारण कमलच्या बापानं, अमृतरावनं त्याला शब्द दिला होता. तुळशीचं लग्न लागलं की कमलचं लग्न, आणि तेही दारातल्या मांडवात नाही, मंगल कार्यालयात.

जवळा बाजारात तेव्हा मंगल कार्यालय नव्हतं. कापसातली सरकी काढायचं, बंद पडलेलं एक जिन होतं.

निजामाच्या अमदानीत कुण्या शेठनं ते कापसासाठी बांधलं होतं. दगडी जोतं, भाजक्या विटांच्या दीड हात जाड भिंती, वर सागवानी माळा. पुढची कमान अशी, की कापसानं लादलेली गाडी भरली तशी आत जावी. जागा तातेरावच्या आज्यानं दिली होती आणि बदल्यात मान मागून घेतला होता. हंगामाची पहिली गाडी आणि पोळ्याचा पहिला बैल त्याच्या घरचा, त्या कमानीखालून. पुढं शेठ गेला, निजाम गेला, मशिनीचे पट्टे उंदरांनी कुरतडले. पहिल्या गाडीचा मान आपसूक मेला. पोळ्याचा तेवढा राहिला. तोरण जिनाच्या कमानीला बांधायचं, आणि तातेरावचा बैल निघाल्याशिवाय गावातल्या दुसऱ्या बैलानं पाय उचलायचा नाही.

हा तातेराव द्वारकाबाईचा सख्खा भाऊ आणि अमृतराव तिचा नवरा. द्वारकाबाई गावातल्या गावात दिलेली. माहेर वरच्या गल्लीला, सासर खालच्या गल्लीला, मधी जिन. भाऊ तिला एकच. आणि त्या मुलखात मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय पोरीच्या डोक्यावर अक्षता पडत नाहीत. मामानं तिला हाताला धरून बोहल्यापाशी आणायचं, अंतरपाट धरला की तिच्या मागं उभं राहायचं. बाप नसला तर चुलता चालतो. जित्या मामाच्या जागी दुसरा माणूस उभा केला, तर वऱ्हाड विचारतं, पोरीत काय खोट आहे.

अमृतरावनं नांदेडला एका लग्नात मंगल कार्यालय पाहिलं आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. खाली जिनाच्या लांबलचक खोलीत लग्नं लावायची, वरच्या माळ्यावर खोल्या पाडून आपण राहायचं, मागच्या सरकीच्या कोठारात वऱ्हाड उतरवायचं. त्यानं जिन विकत घेतलं आणि मृग निघायच्या आत काम काढलं.

काम म्हणजे आधी मोडतोडच होती. गाठी बांधायचा लोखंडी प्रेस भुईत गाडलेला होता, तो घणांनी फोडला. घणाचा घाव बसला की शेजारच्या घरातली उतरंड हलायची. माळ्याच्या तुळ्या खाली टाकताना एका मजुराची पायाची बोटं चेंदली. भिंतीतून निघालेला साप एका बाईनं फावड्यानं तोडला आणि तसाच फावड्यावर घेऊन बाहेर टाकला. अमृतराव सकाळपासून तिथंच उभा असायचा, कमरेवर हात ठेवून, आणि एखादा दमून बसला की त्याच्या पाठीत लाथ घालायचा. दुष्काळानं लोकांत बोलायची ताकद ठेवली नव्हती.

गवंडी होता ग्यानोबा, बौद्धवाड्यातला. हाताचा तरबेज आणि तोंडाचा फटकळ. "मालक," तो एकदा अमृतरावला म्हणाला होता, "लाथा जपून वापरा. अजून गिलावा बाकी हाय." अमृतराव हसला होता. ग्यानोबावर त्यानं पाय उचलला नाही.

ज्येष्ठात अमृतरावनं सांगितलं, कमान बुजवायची. लग्नाच्या घराला गाडीचं दार कशाला? मधी एक सागवानी दार ठेवायचं, दोन बाजूंना खिडक्या. ग्यानोबानं पहिला थर रचला. दुसरा रचताना तातेराव आला.

तो शेतातून तसाच आला होता, हातात बैल हाकायची पराणी. त्याच्या मागं त्याचे दोन सालगडी.

"काय करून राहिला रं?" त्यानं विचारलं.

"कमान बुजवून राहिलो, मालक."

"कुणाला इचारून?"

"ज्याचं जिन हाय त्याला."

तातेरावनं पराणी उलटी धरली आणि जाड बाजूनं ग्यानोबाच्या तोंडावर मारली. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. ग्यानोबानं हातातली थापी फेकून मारली ती तातेरावच्या छातीला लागली. मग सालगड्यांनी त्याला धरलं आणि तातेरावनं त्याला दमेपर्यंत बडवलं. रचलेले दोन्ही थर लाथांनी पाडले. ओल्या चुन्यात ग्यानोबाचा चेहरा गेला तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला.

अमृतराव धावत आला तोवर सगळं उरकलं होतं. तातेराव उपरण्यानं हात पुसत म्हणाला, "दाजी, लगीन दारात लागतं. जिनात कापूस घालत्यात. तुमी कमलची काय सरकी काढता व्हय?"

सालगडी हसले. जमलेल्या लोकांतही हसू फुटलं. अमृतरावला गवंड्याच्या मारापेक्षा ते हसू जिव्हारी लागलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी तातेरावच्या खळ्यावरची कडब्याची गंजी पेटली. दुष्काळातून वाचवलेला कडबा होता तो. जनावरांच्या तोंडातला घास. माणसं बादल्या घेऊन धावली, पण वारा होता. एक म्हातारी गाय दाव्याला बांधलेली होती, ती सोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिचं ओरडणं खालच्या गल्लीपर्यंत ऐकू आलं. द्वारकाबाई तेव्हा चुलीपुढं होती. थोड्या वेळानं अमृतराव घरात आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. त्याच्या धोतराला धुराचा वास येत होता. तिनं भाकरी वाढली.

संध्याकाळी वरच्या गल्लीतून निरोप आला. सालगडी दारातच उभा राहून बोलला. "मालक म्हणले, कमलचा मामा मेला म्हणून समजा."

त्या रात्री कमल जेवली नाही. द्वारकाबाईनं सकाळी नवऱ्याला गाठलं, चहाची कपबशी त्याच्या पुढ्यात ठेवून.

"कमान ठेवा," ती म्हणाली.

"तू काहून मधी पडतीस?"

"मधीच हाय मी. तुमी दोघांनी टाकलं मला मधी."

अमृतरावनं कपबशी भिंतीवर फेकली आणि तिच्या कानाखाली मारली. ती पडली नाही. त्यानं परत मारली. तिच्या ओठातून रक्त आलं, ते तिनं जिभेनं चाटलं आणि म्हणाली, "मारा. मारून झालं म्हंजे सांगा, कमलच्या मागं कुणाला उभं करू. ग्यानोबाच्या भिंतीला?"

अमृतराव दमला. तो तापट होता, पण लेकीवर त्याचा जीव होता. "कमान ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "पण तुझ्या भावापुढं वाकणार न्हाई."

ती सुजलेल्या तोंडानं माहेरी गेली. तातेराव गोठ्यात होता. दुष्काळात त्याची जनावरं गेली होती, बाजारात नाहीतर मातीत. राहिली होती एकच जोडी. त्यातला हरण्या हा मानाचा. स्वतःच्या ताटातली भाकर मोडून त्यानं तो जगवला होता. त्याची बायको केशरबाई म्हणायची, "माझी सवत हाय ती, शिंगांची."

तातेरावनं बहिणीचं तोंड पाहिलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"ठेव दादा," ती म्हणाली. "त्यायनं कमान ठेवली. म्हणून हे तोंड असं हाय. आता तू तुझा शबूद दे."

"माझी गाय जळाली द्वारके."

"व्हय. आन् ग्यानोबाचा एक डोळा गेला. मोजत बसायचं का?"

तो कुऱ्हाड हातात घेऊन उभा राहिला. हरण्यानं त्याच्या खांद्याला जीभ लावली तसा तो खाली बसला. "मागच्या साली पोळा झाला न्हाई," तो म्हणाला. "कुणाच्या दावणीला बैलच न्हवते. औंदा माझा हरण्या त्या कमानीखालून गेला, तर मी कमलच्या मागं हाय. बैल गेला तर मामा आला. न्हाई गेला, तर न्हाई."

एवढा शब्द घेऊन ती परतली. त्या शब्दावर तिनं पुढचे दोन महिने काढले.

अमृतरावनं कमान ठेवली. खरंच ठेवली. पण वाकायचं नाही हेही त्यानं धरून ठेवलं होतं. श्रावणात कमानीच्या आतली भुई भरून उंच केली, पुढं तीन पायऱ्या काढल्या, आणि सगळ्यावर शहाबादी फरशी बसवली. गुळगुळीत, घासून घेतलेली. पाणी टाकलं तर तोंड दिसावं अशी. ग्यानोबा एका डोळ्यानं काम करत होता. त्यानं पायऱ्या रुंद आणि बसक्या काढल्या, एवढंच त्याच्या हाती होतं.

"कमान ठेवली," अमृतराव बायकोला म्हणाला. "पायऱ्यांचं कुणी बोललं न्हवतं."

तातेराव येऊन पायऱ्या पाहून गेला आणि मिशीतल्या मिशीत हसला. "दाजीला वाटतं माझा बैल चढायचा न्हाई. हरण्या औंढ्याच्या घाटातून गाड्या वढत आलाय. ह्या तर पाटावानी हायत." त्यानं भर चौकात सांगितलं, तेव्हा आता मागं फिरणं दोघांनाही नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी पहाटेच द्वारकाबाई जिनात गेली. भावाचा बैल येणार होता, तिच्या दारात. बैलाच्या पायावर तिच्या लेकीचं लग्न येणार होतं. आजवर ज्या ज्या दाराला मान होता त्या त्या दारात तिनं सडा घातला होता. हा त्याहून मोठा मान. तिनं ताज्या शेणाची पाटी आणली, बादलीत कालवलं, आणि तिन्ही पायऱ्यांवर, आतल्या फरशीवर, हातानं दाट सडा सारवून घेतला. वर रांगोळीची बैलजोडी काढली. शेजारच्या बाया पाहून म्हणाल्या, "द्वारकाबाई, लगीन आजच हाय जणू." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मातीला सडा प्यायची सवय असते. फरशी काही पीत नाही. आयुष्यभर तिनं मातीच सारवली होती. दुपारी आभाळ आलं, ऊन पडलं नाही. शेणाचा थर वरून वाळल्यासारखा दिसला आणि खाली तसाच ओला, बुळबुळीत राहिला.

तिसऱ्या प्रहरी कमानीपुढं बैल जमले. थोडेच होते, बरगड्या निघालेले, पण शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावलेले. हलग्या कडाडत होत्या. हरण्या सगळ्यांच्या पुढं, कपाळाला बाशिंग, पाठीवर लाल झूल. बैलांची मंगलाष्टकं झाली. जिनाचं कार्यालय झाल्यावर तिथं लागलेलं पहिलं लग्न ते, बैलांचं. कमल ताट घेऊन आली. तिनं हरण्याच्या पायावर पाणी घातलं, मामाच्या कपाळाला कुंकू लावलं.

"आज ह्याच्या मागं उभा हाय," तातेराव तिला म्हणाला. "कार्तिकात तुझ्या."

अमृतराव आत, कमानीच्या पलीकडं उभा होता. फेटा बांधलेला, हात कमरेवर. त्यानं आणि तातेरावनं एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनीही मान हलवली. द्वारकाबाईनं ते पाहिलं. तिला वाटलं, जमलं.

तातेरावनं कासरा ओढला. हरण्या पहिली पायरी चढला. दुसरी चढला. लोकांनी आरोळी दिली, हलगी वाढली. तिसऱ्या पायरीवर त्याचे पुढचे खूर आतल्या फरशीवर गेले आणि तिथून सटकले. दोन पाय दोन बाजूंना फाकले. तो छातीवर आपटला. मागचे पाय पायरीवर खरवडू लागले. उठायला त्यानं जोर केला तसा मागचा एक पाय पायरीच्या कडेवर अडकला आणि मोडला. तो आवाज हलगीतूनही ऐकू आला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा. हाड कातडं फाडून बाहेर आलं. हरण्या ओरडला, आणि गडगडत तिन्ही पायऱ्यांवरून खाली आला. बाशिंग त्याच्या डोळ्यावर आलं होतं.

हलग्या एकेक करून थांबल्या.

तातेराव गुडघ्यावर बसला. त्यानं पायरीवर हात फिरवला. हाताला ओलं लागलं. त्यानं हात नाकाशी नेला नाही, पाहिलाही नाही. त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

"बुळबुळीत करून ठेवलं," तो म्हणाला. "माझ्या बैलासाठी."

"म्या न्हाई," अमृतराव म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तातेराव, कमलची आण. म्या न्हाई."

"सडा हाय तो दादा," द्वारकाबाई ओरडली. "म्या टाकला. मानासाठी टाकला."

पण बैल ओरडत होता, बाया किंचाळत होत्या, दुसरे बैल बिथरून माणसांत घुसले होते. तिचं बोलणं तिच्या शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नाही. तातेरावनं जवळच्या गाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि पायऱ्या चढला. तोही घसरला, गुडघा फुटला, पुन्हा उठला. पहिला घाव अमृतरावच्या खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हातावर घेतला, तेव्हा मनगट लोंबलं. अमृतराव मागं सरकत भिंतीला टेकला. तिथं कामाचं सामान पडलेलं होतं. चांगल्या हाताला पहार लागली.

द्वारकाबाई दोघांच्या मधे घुसली. तिनं भावाच्या कमरेला मिठी मारली. तातेरावनं तिला झटकलं, ती फरशीवर घसरत भिंतीवर जाऊन आदळली. ग्यानोबा धावत आला, त्याच तातेरावला धरायला, ज्यानं त्याचा डोळा घेतला होता. तातेरावनं उभारी फिरवली ती ग्यानोबाच्या दंडावर बसली आणि त्या फिरण्यात त्याची बाजू उघडी पडली. अमृतरावनं पहार मारली. डोक्यावर, कानाच्या वर. फेट्यात आवाज दबला. तातेराव उभाच होता. त्यानं दाजीकडं असं पाहिलं जणू दाजीनंच काही विचारलं आहे. अमृतरावनं परत मारली. मग तातेराव शेणानं सारवलेल्या फरशीवरच्या त्या रांगोळीवर पडला, आणि रांगोळीची बैलजोडी त्याच्या रक्तात विरघळली.

अमृतराव तिसऱ्यांदा पहार उचलत होता. ग्यानोबानं एका हातानं ती धरून ठेवली. "झालं मालक," तो म्हणाला. "झालं. आता कुणाला मारता?"

बाहेर बैल अजून ओरडत होता. केशरबाई नवऱ्याकडं धावली आणि वाटेत बैलापाशीच थबकली, कुठं आधी जावं हे तिला कळेना.

तातेरावला बाजेवर घालून परभणीच्या दवाखान्यात नेण्यासाठी एक मालाचा ट्रक थांबवला. द्वारकाबाई त्याच्यापाशी बसली, केशरबाई पायाशी. सूर्य मावळतीला होता. रस्त्यावर ठिकठिकाणी दुसऱ्या गावांचे पोळे फुटले होते, रंगवलेले बैल आडवे येत होते, ट्रक थांबत होता. द्वारकाबाई भावाच्या कानाशी वाकली. आता सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. सडा म्या टाकला दादा. तुझ्या दाजीनं न्हाई. एवढं ऐकून जा.

तेवढ्यात त्यानं डोळे उघडले. ओठ हलले. "हरण्या उठला का?" त्यानं विचारलं.

हरण्याला तोवर बौद्धवाड्यातल्या माणसांनी कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं कपाळात घाव घालून मोकळं केलं होतं. तिनं ट्रकमध्ये चढताना पाहिलं होतं.

"उठला," ती म्हणाली.

"गेला का कमानीखालून?"

"गेला दादा. पहिला तोच गेला."

त्यानं डोळे मिटले. मग सड्याचं सांगायला जागाच राहिली नाही. बैल गेला म्हटल्यावर, कशानं पडला हे कसं सांगायचं.

फौजदाराला तिनं सांगितलं. शेणाची पाटी कुठून आणली, बादली कोणती, सारं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "पोळ्याला सडा टाकणं गुन्हा न्हाई बाई. तुमी घरी जा." अमृतरावला जिनाच्या त्याच कमानीखालून बेड्या घालून नेलं. पायऱ्या तोवर धुतल्या होत्या. तो घसरला नाही.

कमलचं लग्न मोडलं नाही, त्याच सालच्या मार्गशीर्षात औंढ्याला, देवळाजवळच्या एका ओसरीत लागलं. पाठीशी उभं राहायला नवरदेवाकडचाच एक माणूस दिला होता. त्याचं नाव द्वारकाबाईनं विचारलं नाही. जिनाच्या त्या कमानीला तोरण पुन्हा कुणी बांधलं नाही. ग्यानोबानं ती पुढच्या उन्हाळ्यात बुजवली.

तातेराव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, परभणीच्या दवाखान्यात मेला. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. अमृतराव तुरुंगात मेला, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात.